मोठ्या शाळेत मूल घालताना

मूल चौथी, पाचवी किंवा सातवी पार करतं आणि पनवेलच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते: आता हायस्कूल कुठलं? महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा मुख्यतः प्राथमिक. तिथून बाहेर पडलेली मुलं, शिवाय नेरे, मालडुंगे, धोदाणीकडून एसटीने येणारी आणि आपटा-रसायनीकडून रेल्वेने येणारी, अशी सगळी एका मोठ्या शाळेत एकत्र येतात. एका इयत्तेच्या अनेक तुकड्या, सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रं, मधल्या सुट्टीत जिन्यावर पाय ठेवायला जागा नाही. पहिल्यांदा पाहणारा पालक बिचकतो आणि शेजारच्या चकचकीत विनाअनुदानित शाळेचा फॉर्म आणायला जातो. माझं म्हणणं आहे, घाई करू नका. अशा शाळेत देण्यासारखं खूप असतं. पण ते आपणहून घरी चालत येत नाही, मागावं लागतं. काय मागायचं, कधी आणि कुणाकडे, एवढं कळलं की गर्दीतसुद्धा मुलाचं भलं होतं.

आधी या शाळा कोणाच्या ते पाहू. पनवेलची नगरपालिका 1852 सालची, तिची महापालिका झाली 1 ऑक्टोबर 2016 रोजी. शहर एवढं जुनं, तरी इथलं माध्यमिक शिक्षण उभं केलं ते प्रामुख्याने शिक्षणसंस्थांनी. अलिबागच्या कोकण एज्युकेशन सोसायटीचं, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'कोएसो'चं, विठोबा खंडाप्पा विद्यालय गावात व्ही. के. म्हणून ओळखलं जातं. इंदुबाई वाजेकर हायस्कूलही कोएसोचंच. कळंबोलीत सुधागड एज्युकेशन सोसायटी आहे, गव्हाणला रयत शिक्षण संस्था. संस्था खासगी, पण शाळा अनुदानित असेल तर मान्य पदांवरच्या शिक्षकांचा पगार शासन देतं. म्हणूनच फी पेलण्याजोगी राहते. प्रवेश घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: आमच्या मुलाला मिळणारी तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? एकाच इमारतीत दोन्ही प्रकारच्या तुकड्या असू शकतात आणि फीत मोठा फरक पडतो. अनुदानित तुकडीत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, शालेय पोषण आहारही मिळतो, आणि मुलींचं शिक्षण राज्यात बारावीपर्यंत मोफत आहे. तरीही इतर नावांखाली रक्कम मागितली गेली, तर पावती मागा आणि ती जपून ठेवा.

दुसरा प्रश्न माध्यमाचा. मराठी माध्यम आणि सेमी-इंग्रजी (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून) यांत निवड करताना शेजाऱ्याकडे बघू नका, मुलाच्या वहीकडे बघा. भागाकाराचं शाब्दिक उदाहरण मराठीत वाचून त्याला सोडवता येत नसेल, तर तेच इंग्रजीत वाचून सुटणार नाही. मराठीत पाया पक्का असलेलं मूल सेमीत सहा महिन्यांत रुळतं. मराठीत दहावी केलेल्यांना पुढे अकरावी सायन्स जमत नाही, ही भीती मात्र मनातून काढून टाका. पहिलं सत्र जड जातं, ते खरं.

रजिस्टरमधली एक ओळ

प्रवेशाच्या दिवशी गणवेश, दप्तर, तुकडी या गडबडीत सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट निसटते. कार्यालयात लिपिक एक जाडजूड रजिस्टर उघडतात, जनरल रजिस्टर. त्यात मुलाच्या नावाची एक आडवी ओळ भरली जाते: रजिस्टर क्रमांक, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म, जात-पोटजात, जन्मस्थळ (गाव, तालुका, जिल्हा), जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा. पुढे शाळा सोडल्याचा दाखला निघतो तो याच ओळीवरून. दहावीचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात पडताळणी, पासपोर्ट, सगळ्याची मुळं इथे. मूल शाळेत असेपर्यंत चूक दुरुस्त करणं तुलनेने सोपं असतं, शाळा सुटल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीपर्यंत जावं लागतं. म्हणून नोंद झाल्यावर ती ओळ नम्रपणे पाहायला मागा आणि जन्मदाखला, आधार आणि आधीच्या शाळेचा दाखला यांच्याशी ताडून बघा. 'पाटील' की 'पाटिल', आईचं नाव माहेरचं की सासरचं, जन्मगाव रुग्णालयाचं की घरचं, हे सगळं तपासा. पोटजातीचा रकाना रिकामा सोडू नका.

आगरी, कोळी, कातकरी, ठाकूर कुटुंबांसाठी ही शाळांची जुनी रजिस्टरं म्हणजे मोठा पुरावा आहे. जातीच्या दाखल्यासाठी ठरावीक तारखेपूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो: अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 1961, इतर मागासवर्गासाठी 1967. आजोबा पनवेलच्या किंवा गावच्या एखाद्या जुन्या शाळेत दोन इयत्ता जरी शिकले असतील, तरी त्या शाळेत त्यांच्या नोंदीचा उतारा मिळू शकतो. हा शोध मूल आठवीत असताना घ्या. अकरावीचा फॉर्म भरताना घ्यायला गेलात, तर सेतू केंद्र, तहसील कार्यालय आणि शाळा यांच्यात जून-जुलै संपून जातो.

प्रवेशाबद्दल एवढंच आणखी: आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर फिरतीचं काम करणाऱ्या आईबापांना हे कुणी सांगत नाही, तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

अभ्यास: नववी हलक्यात घेऊ नका

पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. मूल नापास झालं तर पुनर्परीक्षा होते आणि तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात राहावं लागतं. त्यामुळे 'आठवीपर्यंत ढकलगाडी' ही जुनी समजूत सोडा.

आठवीचं वर्ष आणखी एका कारणासाठी मोलाचं. याच वर्षी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा होते, सगळे तिला एनएमएमएस म्हणतात. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. अट अशी की शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि सातवीला किमान 55 टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींना 50). विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला ही परीक्षाच देता येत नाही. मोठ्या अनुदानित शाळेचा हा थेट फायदा आहे, तरी कित्येक पात्र मुलांचे अर्ज भरलेच जात नाहीत, कारण उत्पन्नाचा दाखला वेळेवर निघालेला नसतो. तो तहसीलमधून आधीच काढून ठेवा. परीक्षेत बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न. पहिल्या पेपरची तयारी घरीही होते. रोज संध्याकाळी मालिका, आकृत्या, सांकेतिक भाषा यांचे दहा-दहा प्रश्न पुरतात. राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेची इयत्ता मात्र शासननिर्णयांनुसार बदलत आली आहे, ती शाळेत विचारून घ्या. विज्ञानाची आवड असलेल्यांसाठी सहावी आणि नववीला डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहे. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक असतं, म्हणून तयारीच्या निमित्ताने मूल प्रयोगशाळेत रमतं. ते मला फार मोलाचं वाटतं.

दहावीला सहा विषय, 600 गुण, टक्केवारी मात्र सर्वोत्तम पाच विषयांवर. भाषेची लेखी परीक्षा 80 ची. गणित आणि विज्ञानाचे प्रत्येकी दोन भाग, 40-40 चे. इतिहास-राज्यशास्त्र 40, भूगोल 40. प्रत्येक विषयाचे उरलेले 20 गुण शाळेच्या हातात: भाषेत तोंडी परीक्षा, गणितात गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणी, विज्ञानात प्रात्यक्षिकं. क्लासला जाणारी मुलं शाळा बुडवतात आणि इथेच मार खातात. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षकांना तुमचं मूल चेहऱ्याने माहीत असणं याला इथे अर्थ आहे. प्रयोगवही वेळेवर तपासून घेणारं, प्रयोगाच्या तासाला पुढे येऊन ब्युरेट हातात धरणारं मूल लक्षात राहतं. मागच्या बाकावर बसून शेजाऱ्याची निरीक्षणं उतरवणारं राहत नाही.

मी नववीवर भर देतो, कारण बीजगणित आणि भूमिती नववीत सुटली की दहावीत सापडत नाहीत. क्लास लावायचाच असेल तर नववीत एका विषयाचा लावा, दहावीत सगळ्या विषयांचा लावण्यापेक्षा तो बरा. त्याआधी शाळेतले जादा तास, दीपावलीच्या सुट्टीतले सराव वर्ग, वाचनालय, हे सगळं वापरून झालंय का ते पाहा.

दहावीचा परीक्षा अर्ज भरून झाल्यावर मंडळाकडून शाळेत 'प्री-लिस्ट' येते. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय, माध्यम, सगळं त्यात छापलेलं असतं आणि मुलाची सही घेतात. चाळीस मुलं एका टेबलाभोवती उभी असतात, सर घाई करत असतात आणि मूल न वाचता सही करतं. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा: प्रत्येक अक्षर वाच, मगच सही कर.

ज्या मुलांना वाचन-लेखनाची अडचण सतत जाणवते, हुशार असूनही अक्षरं उलटी पडतात, शुद्धलेखन सुधारतच नाही, त्यांना आळशी म्हणू नका. अध्ययन अक्षमतेचं अधिकृत प्रमाणपत्र असेल तर मंडळ जादा वेळ आणि इतर सवलती देतं. तपासणी मुंबईत सायन, नायर, केईएमसारख्या रुग्णालयांत होते. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून सातवी-आठवीतच सुरुवात करा.

मैदान

रायगड म्हणजे कबड्डीचा जिल्हा. गावोगावी संघ, गावोगावी रात्रीच्या स्पर्धा. पण गावच्या संघातून खेळणं वेगळं आणि शालेय स्पर्धेत खेळणं वेगळं. शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या. 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयोगट. त्यांत जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी पायऱ्यांची वाट आहे. आपल्याकडे ही शर्यत ऐन पावसाळ्यात सुरू होते. मैदानात चिखल, सराव कुठेतरी हॉलमध्ये किंवा शाळेच्या पडवीत, आणि घटक चाचणीही त्याच आठवड्यात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मुलाने क्रीडाशिक्षकांना भेटून नाव दिलं नाही, तर गाडी सुटते. ऑगस्टमध्ये आठवण होऊन उपयोग नसतो. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरचा उतारा यांवर जन्मतारीख एकच हवी, नाहीतर चांगला खेळाडू मैदानाबाहेर बसतो. वर सांगितलेली ती रजिस्टरची ओळ इथेही आडवी येते.

कबड्डीत शालेय वयोगटांना वजनाची मर्यादा असते. स्पर्धेच्या दिवशी सकाळी वजनकाट्यापुढे रांग लागते आणि एखादा मुलगा अर्धा किलो जास्त भरला की त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. काही मुलं आदल्या रात्रीपासून जेवत नाहीत, पाणीही पीत नाहीत. हे घरी चालू देऊ नका. तेरा-चौदा वर्षांचं वाढतं शरीर उपाशी ठेवून चढाई करायला पाठवणं धोक्याचं आहे. वजन जास्त असेल तर पुढच्या गटाची तयारी करावी किंवा दुसरा खेळ निवडावा: खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा, कुस्ती, बुद्धिबळ. खो-खोला कमी लेखू नका. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवलं आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे.

खेळाचा हिशेब दहावीतही येतो. ठरावीक स्तरापर्यंत खेळलेल्या मुलांना वाढीव गुण मिळतात. त्यासाठी शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जावा लागतो आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. प्रमाणपत्र घरी फ्रेम करून लावलं आणि प्रस्ताव गेलाच नाही, तर गुण मिळत नाहीत. अकरावीच्या प्रवेशात आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, तेही याच प्रमाणपत्रांच्या जोरावर. म्हणून 'आता नववी आली, खेळ बंद' हे वाक्य मला पटत नाही. दिवसाचा दीड तास मैदानावर घालवणारं मूल रात्री शांत झोपतं आणि सकाळी अभ्यासाला बसतं. मुलींच्या बाबतीत तर पालकांनी हट्टाने खेळ चालू ठेवावा. आठवीनंतर मैदानावरच्या मुली झपाट्याने कमी होतात आणि त्यामागे बहुतेकदा घरचा नकार असतो. सरावाची वेळ, सोबत येणाऱ्या मैत्रिणी, कपडे बदलायची सोय, हे शाळेत जाऊन विचारा. नाही म्हणण्यापेक्षा ते बरं.

वर्गाबाहेरचं आयुष्य

हजार-दीड हजार मुलांत मूल हरवू नये, यासाठी मला एकच उपाय खात्रीचा वाटतो: त्याला एक छोटा गट मिळवून द्या. एनसीसी, स्काउट-गाइड, आरएसपी (रस्ता सुरक्षा दल), हरित सेना, लेझीम पथक, ढोल पथक, चित्रकला, नाटक, विज्ञान मंडळ, काहीही. तिथे वीस-पंचवीस मुलं असतात, एक शिक्षक त्यांना नावाने हाक मारतात आणि वरच्या वर्गातला कुणी दादा किंवा ताई ओळखीची होते. शाळा मग मोठी वाटत नाही. एनसीसीचा शालेय अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि 'ए' प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे आठवीतच नाव द्यावं लागतं. चित्रकलेत एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला अ श्रेणी आली तर दहावीत 7, ब ला 5, क ला 3 वाढीव गुण. लोककला आणि शास्त्रीय कला शिकणाऱ्यांनाही अशी सवलत आहे. गुणांसाठी म्हणून चित्र काढायला लावू नका, पण काढणाऱ्याचे गुण बुडू देऊ नका. नाटकाची आवड असेल तर शासनाची बालनाट्य स्पर्धा आहे, आणि आपल्या गावात वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहासारखा मोठा रंगमंच आहे. शिरढोणचा हा आद्यक्रांतिकारक आपल्या तालुक्यातला, हे स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असावं असं मला वाटतं.

येण्याजाण्याचं पाहिलं नाही तर यातलं काहीच टिकत नाही. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, इतर विद्यार्थ्यांना तो एक तृतीयांश भाड्यात मिळतो. 2024 पासून एसटीने हे पास शाळेतच द्यायला सुरुवात केली, म्हणून आगाराच्या रांगेत मुलाचा दिवस घालवण्याआधी शाळेत चौकशी करा. रेल्वेतही घर ते शाळा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत मोफत आहे. त्यासाठी शाळेचं पत्र लागतं. दुपारच्या सत्रातलं मूल सरावासाठी थांबलं तर शेवटची गाडी कितीची, हे आधी ठरवा.

सुरक्षिततेचं स्पष्ट बोलतो. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी आणि तक्रारपेटीही. समितीत कोण आहे, पेटी कुठे आहे, ती कोण उघडतं, हे पालकसभेत सगळ्यांसमोर विचारा. 1098 हा चाइल्डलाइनचा क्रमांक मुलाला तोंडपाठ असू द्या. पालक-शिक्षक संघाच्या सभेला आई-वडिलांपैकी एकाने जायलाच हवं. वर्गशिक्षकांना सत्रात दोनदा भेटा, तक्रार नसतानाही. मूल अडचणीत आल्यावर पहिली ओळख करून देण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

दहावीनंतर

एक-दोन विषय राहिले तर वर्ष वाया जात नाही. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते, आणि दोन विषयांपर्यंत एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही मिळतो. निकालाच्या दिवशी हे घरात मोठ्याने बोला, मुलाच्या कानावर जाऊ द्या.

अकरावीचा प्रवेश आता राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो. शाळेलाच कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर तिथल्या 10 टक्के जागा इन-हाऊस कोट्यात आपल्या विद्यार्थ्यांसाठी असतात, म्हणून पाचवी-आठवीत शाळा निवडतानाही हे पाहून ठेवावं. जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, प्रकल्पग्रस्त असाल तर तो दाखला, खेळाचं पडताळलेलं प्रमाणपत्र, हे सगळं निकालाआधी फाइलमध्ये हवं. सिडको आणि विमानतळासाठी जमिनी गेलेल्या कुटुंबांनी प्रकल्पग्रस्तांच्या जागांचा हक्क सोडू नये.

पसंतीक्रम भरताना दहा महाविद्यालयं लिहिता येतात. पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर तिथे प्रवेश घेणं बंधनकारक असतं, न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून केवळ नाव मोठं म्हणून वाशीचं किंवा दादरचं महाविद्यालय वर लिहू नका. रोजचा हार्बरचा प्रवास, प्रात्यक्षिकांच्या वेळा, क्लास असेल तर त्याची वेळ, हे मुलासोबत बसून कागदावर मांडा आणि मग पहिला क्रमांक भरा. भरलेल्या फॉर्मची छापील प्रत काढा आणि शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांना मुदतीच्या दोन दिवस आधी दाखवा. शेवटच्या संध्याकाळी संकेतस्थळ हटकून मंदावतं.